मागच्या चाकाला हार नसतो

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. सायकलचा नाही, स्कूटरचाही नाही. बुलेट मोटारसायकलचा. माझ्या अंगाला एक भोक आहे, त्यातून तुमचा पंजा आरपार जाईल.

तुम्ही शाळेत मोडक्या छत्रीची, फाटक्या पुस्तकाची कहाणी लिहिली असेल. ती सगळी शेवटी रडतात आणि म्हणतात, मुलांनो, आम्हांला जपा. मी तसं काही मागणार नाही. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं. मला कचरू नावाच्या एका माणसाचं सांगायचं आहे. पण तो माझ्यावर बसायचा, म्हणून आधी माझं थोडं ऐकावं लागेल.

माझं रबर म्हणजे झाडाचा चीक. दक्षिणेकडं कुठंतरी झाडांच्या सालीला चिरा पाडून तो काढतात. पुढं कारखान्यात त्यात काजळी कालवली, आतून जाड दोऱ्याचे थर घातले आणि तापलेल्या साच्यात मला दाबलं. बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगावर रबराचे बारीक बारीक केस होते. नव्या टायरला ते असतात. पोरांना ते ओढून तोडायला फार आवडतं.

माझ्या पाठीवर सरळ रेघांची नक्षी होती. ती पुढच्या चाकाची नक्षी. माझ्या जोडीदाराच्या पाठीवर ठोकळे होते, ती मागच्या चाकाची. ह्यात उच्चनीच काही नाही. पुढच्या चाकानं वळायचं, मागच्यानं ओढायचं. इंजिनाचा सगळा जोर साखळीतून मागच्या चाकावर येतो, ओझंही त्याच्याच डोक्यावर असतं. म्हणून मागचा टायर लवकर झिजतो. एवढं समजलं तरी माझी गोष्ट निम्मी समजली.

आम्ही दोघं बुलेटबरोबर कुंभार पिंपळगावला आलो. गाडी काकासाहेबांची. काकासाहेब म्हणजे गावचे सरपंच, विहिरीवर इंजिन असलेले मोठे बागाइतदार. अख्ख्या पंचक्रोशीत तेव्हा दुसरी बुलेट नव्हती. तिचा फटफट आवाज आला की पारावरची माणसं उठून उभी राहायची.

मी पुढं होतो, म्हणून माझी चैन होती. दसऱ्याला मला धुवायचे, हळदीकुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचे. माझ्या पुढ्यात नारळ फुटायचा. अमावस्येला माझ्याखाली लिंबू ठेवून चिरडायचे. लोक म्हणायचे, "काय चाक हाये राव, वाघाच्या पंजावानी!" मागच्या जोडीदाराकडं कुणी बघायचं नाही. चिखल, शेण, साखळीचं तेल, सगळं त्याच्या अंगावर.

आता कचरू.

कचरू काकासाहेबांचा सालगडी होता. सालगडी म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एका मालकाला बांधलेला माणूस. जितके दिवस कामावर आला नाही, तितके खाडे. ते खाडे साल संपल्यावर भरून द्यायचे. स्वतः भरता आले नाहीत तर घरातल्या दुसऱ्यानं भरायचे. कागदावर हे कुठंच नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

कचरू बौद्ध वस्तीत राहायचा. बायको झुंबरबाई, आणि वसंता नावाचा धाकटा भाऊ, तो औरंगाबादला कॉलेजात शिकायचा. कचरू आधी मालकाचा ट्रॅक्टर शिकला, मग बुलेट. शिकवली मालकांनीच, कारण उन्हातान्हात जालन्याहून जनावरांची ढेप, म्हणजे सरकीची पेंड, आणायला त्यांना जायचं नव्हतं. गावातून मिरवायचं असलं की काकासाहेब स्वतः बसायचे. लांबचं आणि वजनाचं काम असलं की कचरू.

पण कचरू बसताना सीटवर गोणपाट टाकायचं. तसा हुकूम होता. गाडी त्याच्या हातात चालत होती, तो जीव खर्चून ती पुसत होता, पण त्याचं धोतर सीटला लागलेलं मालकाला चालत नव्हतं. परत आला की गोणपाट काढून गोठ्यात टांगायचं. मी रबर आहे, मला जात नाही. मला ह्यातलं काही कळलं नाही, आणि जे मला कळलं नाही ते माणसांना कसं कळतं हे मला अजून समजलेलं नाही.

कचरूला मिलिटरीत जायचं होतं. जालन्याला भरती व्हायची होती, पाडव्यानंतर. म्हणजे साल पुरं करून तो मोकळा झाल्यावर. रोज उजाडायच्या आत तो गावाबाहेरच्या रस्त्यानं पळायचा. झुंबरबाई पाण्याला जाताना त्याला बघायची आणि टोमणा मारायची.

"आवो, जल्दी पळा की. म्हातारी म्हस पुढं गेली तुमच्या."

"म्हशीला भरतीत न्हाई घेत, म्हून ती आरामात चालली."

"अन् तुमाला घेतील?"

"का न्हाई? छाती बघ."

"छाती बघून बघूनच तर फसले मी," ती म्हणायची आणि कळशी सावरत निघून जायची. पण वस्तीत तिनं सगळ्या बायकांना सांगून ठेवलं होतं की ह्या पाडव्यानंतर आमच्या घरातलं कुणी कुणाचं साल धरणार नाही.

एक अडचण होती. भरतीला जाताना चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागायचा, आणि त्यावर सरपंचाची सही. सरपंच म्हणजे काकासाहेब.

आम्हांला गावात येऊन तोवर दोन दसरे झाले होते. माझा जोडीदार झिजून संपला. त्याचे ठोकळे मधोमध सपाट झाले, नंतर पांढरे दोरे वर आले. दोरा दिसला की टायर मेला समजायचं, मित्रांनो. रबर हे मांस आणि दोरा हे हाड. हाड उघडं पडल्यावर चालवायचं नसतं.

तिसऱ्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकासाहेब बुलेट घेऊन जुन्या जालन्यात आले. कचरू मागून एस.टी.नं आला, कारण मालकाच्या पाठीमागं त्याला बसता येत नव्हतं. तिथं एका बोळात गफूर मिस्त्रीचं दुकान. मिस्त्री तोंडाचा फटकळ. आतून त्यानं एक नवा टायर आणला, ठोकळ्यांचा, केसाळ, काळाभोर.

"पिछले चाक का है," मिस्त्री म्हणाला. "उसको निकालो, इसको डालो. अगला अभी बरस दीड बरस चलेगा."

काकासाहेबांनी नव्या टायरवर हात फिरवला. "हा पुढं बसव."

"पुढं?"

"पुढं. अन् पुढचा मागं."

"अरे साहब, जोर पिछला चाक करता. अगला तो सिरफ रस्ता दिखाता. ये लकीरवाला टायर पीछे डालेंगे तो बीच में से घिस जाएगा, फोकट में."

काकासाहेब हसले. "मिस्त्री, उद्या दसरा हाये. हार मागच्या चाकाला घालतेत का कधी? लोकाला दिसतं ते पुढचं. नवं पुढंच शोभतं."

कचरू बाजूला उभा होता. तो हळूच म्हणाला, "मालक, वझं मागं आसतं. ढेपंचं पोतं..."

"तू थांब रे. गाडी कोणाची हाये?"

"तुमचीच मालक."

मिस्त्रीनं पान्हा उचलला. "मेरे बाप का क्या जाता. जिसकी गाडी उसकी मर्जी."

असा मी मागं आलो. दुसऱ्या दिवशी पुढच्या नव्याला हार पडला. मला साखळीचं तेल.

तुम्हांला वाटेल, हा टायर मत्सरानं बोलतोय. नाही. मला हार नको होता. मला जे काम दिलं त्यासाठी मला घडवलंच नव्हतं. सरळ रेघांच्या पाठीवर ढेपेची पोती लादली की रेघा मधोमध पुसत जातात. दिवाळीनंतर माझी मधली रेघ गेली. संक्रांतीला तिच्या शेजारच्या दोन गेल्या. एकदा घनसावंगीच्या पुढं खडीचा धारदार दगड लागून मला चीर पडली. गावातल्या सायकलवाल्यानं आतून जुन्या टायरचा तुकडा लावला. त्याला गेटिस म्हणतात. फाटक्या पायजम्याला आतून ठिगळ लावावं, तसं.

ती खडी कुणी फोडली होती, ऐका. बहात्तरच्या दुष्काळात त्या रस्त्याचं काम निघालं होतं. कचरू आणि झुंबरबाईनं तिथं हातोड्यानं दगड फोडले होते. झुंबरबाईचा एक डोळा तेव्हा कपचीनं लाल झाला, तो कायमचा पाणावलेला राहिला. रस्ता झाला. त्यावरून गेली कोण? काकासाहेबांची बुलेट.

माघात माझा दोरा दिसायला लागला. कचरूनं तो बघितला आणि मालकाला सांगायला गेला. काकासाहेब ओट्यावरून खाली आले, गाडीजवळ उभे राहिले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "कुठं झिजलाय? नक्षी दिसून राह्यली की बराबर."

दिसतच होती. टायर मधोमध झिजतो, कडेला नाही. उभ्या माणसाला कड दिसते. मधलं बघायचं तर खाली वाकावं लागतं. काकासाहेबांना गाडीपुढं वाकायची सवय नव्हती. ते काम सालगड्याचं.

"मालक, वाकून बघा. दोरा आलाय."

"आता मी वाकू का तुझ्यासाठी?"

ओट्यावरची माणसं हसली. कचरूही कसनुसा हसला. न हसून करतो काय?

"मंग निदान पुढचा मागं करू द्या. मीच बदलतो. घंट्याभराचं काम हाये."

"अन् लोकं काय म्हणतील? काकासाहेबाच्या गाडीला पुढं टकलं चाक? गप बैस. अजून दमदार हाये त्यो. पाडव्याला बघू."

पाडव्याला कचरू मोकळा होणार होता. म्हणून तो गप्प बसला. त्याला वाटलं, एवढे दिवस काढले, आणखी थोडे काढू.

फाल्गुनात काकासाहेबांनी बोलावलं. गोठ्यातली ढेप संपली होती. जालन्याला जाऊन आणायची. कचरूनं त्याच वेळी दाखल्याचं काढलं.

"मालक, तेवढी सही पाहिजे व्हती. भरती आलीय जवळ."

"देतो की. ढेप घेऊन ये. आल्यावर करतो सही."

"टायर लई खराब झालाय मालक. एस.टी.च्या टपावर टाकून आणू का?"

काकासाहेबांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. बोलायची गरज नव्हती. सही त्यांच्या हातात होती आणि कचरूला ती पाहिजे होती.

झुंबरबाई वस्तीच्या तोंडाशी उभी होती. "आज नका जाऊ. त्या चाकाचं पोट बाहेर आलंय, मला लांबूनबी दिसतंय."

"ही शेवटची खेप समज."

"मागच्या बारीलाबी शेवटचीच म्हणल्ते तुमी."

"आता खरंच शेवटची. सही झाली की ह्या गाडीचं तोंड बघणार न्हाई."

त्यानं गोणपाट सीटवर टाकलं आणि निघाला.

जाताना मी गेलो कसातरी. येताना मागं दोन पोती बांधलेली. दुपार झाली होती. खालची खडी तापली होती, आणि माझ्या पोटातली हवा तापून फुगत होती. अंबड मागं पडलं. कचरू हळू चालवत होता, तोंडानं मला चुचकारत होता, बैलाला चुचकारतात तसं. "चल माझ्या राजा. एवढं घरापातुर चल." मी काय करणार? टायरला मर्जी नसते. गेटिस लावलेल्या जागी दोरे एकेक करून तुटत होते. शेवटचा तुटला आणि मी फुटलो.

मला त्याची लाज वाटत नाही. फुटायचंच होतं ते फुटलं. लाज दुसऱ्या कुणाला वाटायला पाहिजे होती.

गाडी मागून लचकली, पोत्यांचं वजन एका अंगाला गेलं आणि बुलेट आडवी झाली. कचरूचा उजवा पाय तिच्याखाली. ती गाडी दोघा गड्यांना उचलत नाही, मित्रांनो. सायलेन्सर तापलेला. तो ओरडत होता आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. बऱ्याच वेळानं सरकीचा ट्रक आला. ट्रकवाल्यानं त्याला ओढून काढलं आणि दवाखान्यात नेलं. मी आणि गाडी तिथंच पडून राहिलो.

उन्हं कलल्यावर गावाकडनं एक बैलगाडी आली, बुलेट न्यायला. तिच्यामागं दुसरी आली, ढेप न्यायला. सांडलेली ढेप त्या माणसांनी फडक्यात गोळा केली. कचरूचं गोणपाट रस्त्यावर पडलं होतं, ते मात्र कुणी उचललं नाही.

पाय कापावा लागला नाही, पण नडगीचे तुकडे झाले. हाड वाकडं जुळलं. भाजलेली कातडी गुडघ्यामागं आखडली. आता तो पाय जमिनीला पुरा टेकत नाही. डॉक्टर म्हणाले, चालता येईल. पळता येईल का, हे कचरूनं विचारलंच नाही. झुंबरबाईनं विचारलं. डॉक्टरांनी दुसऱ्या रोग्याकडं तोंड फिरवलं.

पाडव्याच्या आधी काकासाहेबांचा माणूस वस्तीत आला. त्याच्या हातात दाखला होता. सही केलेला, शिक्का मारलेला. कचरू हा चांगल्या वर्तणुकीचा, आज्ञाधारक इसम असून माझ्या माहितीतला आहे.

"मालकानं सांगितलंय, शब्दाचा माणूस हाये मी. सही म्हणलं व्हतं, केली."

कचरू बाजेवर पडला होता. त्यानं कागद घेतला, वाचला आणि उशाखाली ठेवला. झुंबरबाई म्हणाली, "ठिवता कशाला? चुलीत घाला."

"राहू दे. लिहिलेलं खोटं न्हाई."

माणूस जाईना. घुटमळला. "अन् खाड्याचं इचारलंय मालकानं. पडल्यापासून बाजेवर हायेत. साल तर पुरं व्हायला पाहिजे."

"त्येंच्या गाडीनंच पाय गेलाय ना!" झुंबरबाई उसळली. "त्यो खाडा का?"

"मला काय इचारती बाई? मी सांगायला आल्तो. हप्त्याहप्त्याला जालन्याला कोण जाईल ढेपंला? गाडी चालवणारा पाहिजे. वसंताला येती म्हणे."

वसंताला येत होती. कचरूनंच सुट्टीत शिकवली होती, मळ्याच्या वाटेवर, हौसेनं.

वसंता औरंगाबादहून आला. आधी तो मालकाच्या ओट्यासमोर जाऊन भांडला. म्हणाला, हे कोणत्या कायद्यात बसतं ते दाखवा. काकासाहेब शांतपणे म्हणाले, "कायद्यात न्हाई बसत. तुमची घरं ज्या जागेवर हायेत तीबी कायद्यात न्हाई बसत. ती कुणाची जागा हाये, घरी जाऊन इचार." वस्ती गायरानात होती, आणि गायरान सरपंचाच्या शब्दावर चालायचं. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी वसंताला गप्प केलं. एक जण म्हणाला, "एकाचा पाय गेला, आता सगळ्याची घरं घालवतो का?" त्यानंतर वसंता भावाचे खाडे भरायला लागला. त्याची पुस्तकं अजून ट्रंकेत आहेत. परीक्षा होऊन गेली.

मला उकिरड्यावर टाकलं होतं. वस्तीतल्या पोरांनी, म्हणजे तुम्हीच, मला उचलून आणलं. काठीनं मला पळवता, मी पळतो. कचरू दारात बसून बघत असतो. परवा मी भोकामुळं लचकून त्याच्यापुढंच आडवा झालो. त्यानं मला उभं करून दिलं.

गाडीला आता मागं एक टायर आहे. काकासाहेबांनी नवा घेतला नाही. "मागचं कोण बघतं?" म्हणाले, आणि रबर चढवलेला घेतला. रबर चढवलेला म्हणजे, माझ्यासारखा कुणी मेलेला टायर घ्यायचा, त्याच्या पाठीवर नव्या रबराचा पट्टा तापवून चिकटवायचा. वरून नवा दिसतो, हाडं जुनीच. आस्ते चालवला, ओझं नसलं तर चालतो. ओझ्यानं आणि उन्हानं त्याचा पट्टा सुटतो.

आज सकाळी वसंता गाडी काढायला गेला तेव्हा तुम्ही मला घेऊन तिथंच खेळत होता. त्यानं खाली वाकून मागचं चाक बघितलं. पट्ट्याच्या कडेला नख घातलं. नख आत गेलं.

"मालक, पट्टा सुटून राह्यला. पुढचा मागं करू द्या आज. पुढं वझं न्हाई, तिथं हा चालंल थोडे दिवस."

काकासाहेब ओट्यावर दात घासत होते. "लई शिकला रे तू. तुझा भाऊबी असाच सांगायचा. जा आता, ऊन व्हायच्या आत ये."

वसंता उभा राहिला. वस्तीकडं बघितलं, चाकाकडं बघितलं. त्यानं गोणपाट टाकलं आणि किक मारली.

मित्रांनो, वाहनाची निगा राखा, असं सांगून मी थांबलो तर ही गोष्ट काकासाहेबांनाही आवडेल. निगा तर ते राखतातच. गाडी रोज पुसली जाते. दसऱ्याला हार पडतो, अमावस्येला लिंबू. निगा माणसाची राहिली आहे. म्हणून मी तुम्हांला दुसरंच सांगतो. तुम्ही मोठे झालात की तुमच्यापैकी कुणाला तरी त्या गाडीवर बसवतील. बसायच्या आधी वाका. टायरच्या मधोमध हात फिरवा, कडेला नख घाला. दोरा लागला, नख आत गेलं, तर बसू नका. कुणी सही दाखवील, कुणी जागा दाखवील. तरी बसू नका. आणि एकट्यानं नाही म्हणू नका, एकट्याचं काय होतं ते तुम्ही बघितलंत. सगळे मिळून नाही म्हणा. म्हणाल की नाही, मला माहीत नाही. तुमच्या बापांनी म्हटलं नाही.

ऊन आता डोक्यावर आलं आहे. वसंता जालन्याहून निघाला असेल. झुंबरबाई दारात ज्वारी निवडते आहे, रस्त्याकडं तोंड करून. सुपातले खडे तसेच राहून चालले आहेत.